विंचवाचं विष आणि मोकळ्या रक्तवाहिन्यांचं हृदय

वरंधच्या एका वाचकांनी विचारलं आहे: रक्तवाहिनी तुंबलेली नसेल, तरी हृदय कोलमडू शकतं का? शकतं. याचा भक्कम पुरावा त्यांच्या शेजारच्या बिरवाडीत आणि महाडमध्येच जमला.

नेहमीचा हृदयविकार सावकाश घडतो. तंबाखू, मधुमेह, वाढलेला रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल यांमुळे धमनीच्या अस्तरात वर्षानुवर्षं चरबीचा थर साचतो. एके दिवशी त्याचा पापुद्रा फाटतो, तिथे गुठळी धरते आणि पुढच्या स्नायूला रक्त मिळेनासं होतं.

लाल विंचवाला एवढा वेळ लागत नाही. त्याचं विष मज्जातंतूंमधले सोडियमचे मार्ग बंद होऊ देत नाही, त्यामुळे ॲड्रेनालिनसारखी द्रव्यं रक्तात अक्षरशः ओसंडतात. आधी उलट्या आणि दरदरून घाम, मग हातपाय गार. शरीरभरच्या बारीक वाहिन्या आवळतात आणि हृदयाची गत तोंड दाबलेल्या पाइपात पाणी रेटणाऱ्या पंपासारखी होते. शेवटी फुप्फुसांत पाणी भरतं. ईसीजी कधीकधी थेट हार्ट अटॅकसारखा दिसतो, आणि हे धडधाकट लहान मुलांतही!

1976 मध्ये बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झालेले डॉ. हिंमतराव बावस्कर विंचूदंशाच्या रुग्णांच्या उशाशी बसून लक्षणं टिपत राहिले. धोक्याची पूर्वलक्षणं सांगणारा त्यांचा लेख 1982 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने छापला. मग त्यांनी आवळलेल्या वाहिन्या सैल करणारी प्राझोसिन ही रक्तदाबाची स्वस्त गोळी वापरून पाहिली. 1986 मध्ये तेही ‘लॅन्सेट’मध्ये आलं. गंभीर रुग्णांतलं मृत्यूचं प्रमाण सुमारे 40 टक्क्यांवरून 1 टक्क्याच्या आसपास उतरलं. अतिदक्षता विभाग नसलेल्या तालुक्यात हे घडलं, याचं मला आजही अपार कौतुक वाटतं. या कामात त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी यांचाही वाटा मोठा. ‘लॅन्सेट’च्या लेखांइतकं त्यांचं नाव मात्र सांगितलं जात नाही.

तीव्र मानसिक धक्क्यानंतर, धमन्या मोकळ्या असूनही हृदय दुबळं पडण्याचा ‘ताकोत्सुबो’ विकार जपानी डॉक्टरांनी 1990 मध्ये वर्णिला. तिथेही संशय ॲड्रेनालिनसारख्या द्रव्यांच्या लोटावरच आहे. ताकोत्सुबोवरच्या चर्चेत महाडच्या नोंदींना जागा मिळायला हवी, असं मला ठामपणे वाटतं.

विंचूदंशाच्या उपचारांचं कामही गोळीपाशी थांबलं नाही. 2011 मध्ये बावस्करांनीच ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात दाखवून दिलं, की प्राझोसिनच्या जोडीला विंचवाच्या विषावरचं प्रतिविष दिलं, तर रुग्ण नुसत्या गोळीपेक्षा लवकर सावरतो.