जुन्या उपनगरीय वसाहतींतील वृद्ध वृक्षांचे संगोपन : अहिल्यानगर शहराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

१४९० मध्ये वसलेले अहमदनगर, म्हणजेच २०२४ मध्ये नामांतर झालेले आजचे अहिल्यानगर, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सावेडी, केडगाव अशा उपनगरांच्या दिशेने विस्तारत गेले. नोकरदार व निवृत्त मंडळींनी गृहनिर्माण संस्थांच्या भूखंडांवर टुमदार बंगले बांधले आणि परसात आंबा, कडुनिंब, नारळ, तर फाटकाशी गुलमोहर किंवा अशोक लावला. यांपैकी १९७० च्या दशकात लावलेली झाडे आज पन्नाशीच्या घरात आहेत. त्यांना लावणारी पिढी थकली आहे, पुढची पिढी अनेकदा परगावी आहे आणि कित्येक भूखंडांवर पुनर्बांधणीचा विचार सुरू आहे. दरवर्षी वैशाखात वळवाच्या पावसाची चाहूल लागली, की 'झाड घरावर पडेल' या भीतीने लाकूडतोड्यास बोलावले जाते आणि पन्नास वर्षांचा वृक्ष एका दुपारी बोडका होतो किंवा नाहीसा होतो. ही भीती सर्वस्वी निराधार नसते. परंतु तिच्यावर योजला जाणारा उपाय अनेकदा धोका वाढविणारा असतो. असे का घडते आणि त्याला पर्याय कोणता, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

वृक्षाचे वार्धक्य : संकल्पना

वय ही सापेक्ष बाब आहे. वड, पिंपळ व चिंच हे शतायुषी वृक्ष. संगमनेर तालुक्यातील पेमगिरीचा विस्तीर्ण वटवृक्ष हे याचे जिल्ह्यातीलच उदाहरण होय. याउलट मादागास्करहून आलेला गुलमोहर शीघ्र वाढतो, त्याचे लाकूड ठिसूळ व मुळे उथळ असतात आणि पन्नाशीपर्यंत तो बहुधा उतरणीस लागलेला असतो. म्हणून 'जुने झाड' या एकाच शब्दात कडुनिंब व गुलमोहर यांना बसविणे शास्त्रीयदृष्ट्या योग्य नाही.

वृद्ध वृक्षाची वाढ मंदावते, शेंड्याकडील फांद्या वाळू लागतात आणि जखमांना तोंड देण्याची त्याची शक्ती घटते. येथे एक मूलभूत तत्त्व ध्यानात घ्यावे लागते. प्राण्याची जखम नव्या पेशींनी भरून येते. वृक्षाची जखम तशी भरत नाही. अमेरिकन वनसेवेतील वृक्षशास्त्रज्ञ ॲलेक्स शिगो यांनी १९७० च्या दशकात दाखवून दिले, की वृक्ष कुजलेल्या भागाभोवती रासायनिक व पेशीय भिंती उभारून तो भाग बंदिस्त करतो व त्यावर नवे लाकूड चढवितो. जुनी जखम आत कायम राहते. त्यामुळे प्रत्येक अनावश्यक घाव हा वृक्षाच्या खाती कायमचा जमा होतो आणि वयोमानानुसार ही जमा फेडणे त्याला अधिकाधिक कठीण जाते.

मुळांचे क्षेत्र व त्यावरील आघात

झाडाची मुळे त्याच्या उंचीइतकीच खोल जातात, हा समज सर्वत्र रूढ आहे. प्रत्यक्षात पाणी व अन्नद्रव्ये शोषणारी बहुसंख्य बारीक मुळे जमिनीच्या वरच्या सुमारे अर्ध्या मीटरच्या थरात असतात आणि पर्णसंभाराच्या कक्षेबाहेर दूरवर पसरतात. शहराच्या परिसरात काळ्या वा मध्यम मातीच्या पातळ थराखाली मुरूम व बेसाल्ट खडक लागत असल्याने ही आडवी वाढ अधिकच ठळक होते.

संरक्षणीय मूळक्षेत्राचा एक व्यावहारिक ठोकताळा असा : छातीच्या उंचीवर खोडाचा जो व्यास भरेल, त्याच्या बारापट त्रिज्येचे वर्तुळ. समजा, एखाद्या कडुनिंबाचा घेर १९० सेंटिमीटर आहे. तर व्यास सुमारे ६० सेंटिमीटर आणि मूळक्षेत्राची त्रिज्या सुमारे ७ मीटर येते. कुंपणालगतच्या झाडाचे असे वर्तुळ शेजाऱ्याच्या अंगणात आणि सार्वजनिक रस्त्याखालीही जाते. झाड सातबाऱ्यावर वा मालमत्तापत्रकावर एकाच्या नावे असले, तरी त्याचे जीवन अनेकांच्या जमिनीवर अवलंबून असते. म्हणूनच शेजाऱ्याने खोदलेला चर किंवा पालिकेने नव्याने घातलेली गटारवाहिनी त्याच्या मृत्यूचे कारण ठरू शकते. वृक्ष मात्र लगेच वठत नाही. तीन-चार वर्षांनी तो सुकू लागतो, तेव्हा कार्यकारणसंबंध कोणाच्याच स्मरणात नसतो.

पाण्याचा प्रश्नही असाच आहे. पर्जन्यछायेतील या शहरात वर्षाला सरासरी साडेपाचशे ते सहाशे मिलिमीटरच पाऊस पडतो. पूर्वी न्हाणीघराचे व मोरीचे पाणी परसातील आळ्यांत सोडले जाई. भूमिगत गटारे आल्यावर ते बंद झाले, अंगणात फरशी व पेव्हर ब्लॉक आले आणि पावसाचे पाणीही रस्त्यावर वाहू लागले. काळ्या मातीला उन्हाळ्यात पडणाऱ्या भेगांनी बारीक मुळे तुटतात, ती वेगळीच. खोडालगतच्या काँक्रीटचे दुष्परिणाम ओळखूनच राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ मध्ये दिल्लीतील झाडांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याचा आदेश दिला होता.

यावरील उपाय अल्पखर्चिक आहेत. खोडाभोवती शक्य तेवढी जमीन उघडी करावी. उन्हाळ्यात रोज शिंपण्याऐवजी पंधरा-वीस दिवसांतून एकदा, खोडापासून दूर, पर्णसंभाराच्या कडेखाली खोलवर पाणी मुरवावे. गळालेला पालापाचोळा न जाळता त्याचा पाच ते दहा सेंटिमीटर जाडीचा थर पसरावा. मात्र तो खोडाला टेकू देऊ नये. श्रद्धेने बांधलेला पार असल्यास त्यातील माती बुंध्यावर चढू देऊ नये, कारण पुरली गेलेली साल कुजते.

छाटणी : उपाय की अपाय?

'शेंडा उडविला, की झाड हलके होते' ही समजूत सर्वाधिक हानिकारक आहे. पर्णसंभार एकाएकी गेल्याने वृक्षाची अन्ननिर्मिती थांबते. तो साठवणीतील अन्न खर्चून खुंटांवर दाट धुमारे काढतो. हे धुमारे मूळ लाकडात खोलवर रुजलेले नसतात आणि त्यांच्याखालचा खुंट कुजत असतो. चार-पाच वर्षांत ते पुन्हा पूर्वीइतके उंच होतात, परंतु आता त्यांचा आधार कमकुवत असतो. अशा रीतीने सुरक्षिततेसाठी केलेली छाटणीच पुढील अपघाताची तयारी करते.

योग्य छाटणीत प्रथम वाळलेल्या, रोगट व एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढतात. वृद्ध वृक्षाच्या हिरव्या पर्णसंभाराला शक्यतो अल्पच हात लावावा. निरोगी तरुण झाडातही एका वेळी चतुर्थांशाहून अधिक भाग काढू नये. जड फांदी तीन कापांत उतरवावी : प्रथम खोडापासून सुमारे ३० सेंटिमीटरवर खालून अर्धवट काप, नंतर त्याच्या किंचित पलीकडे वरून पूर्ण काप आणि शेवटी फांदीच्या मुळाशी असलेल्या फुगीर कड्याबाहेर अंतिम काप. हे कडे म्हणजेच जखम बंदिस्त करणारी यंत्रणा होय. ते छाटणे किंवा लांब खुंट ठेवणे, दोन्ही चूक. डांबर वा रंग फासल्याने कूज थांबत नाही. आंब्यावर मोरचूद व चुन्याचे बोर्डो मलम लावण्याची प्रथा आहे. ते बुरशीनाशक असले, तरी चुकीच्या कापाची भरपाई करीत नाही. ढोलीत सिमेंट भरणे तर सर्वथा टाळावे : वाऱ्यात खोड लवते, सिमेंट लवत नाही आणि त्या घर्षणाने आतील बंदिस्त भिंत भंगते.

धोक्याचे मूल्यमापन

पोकळ खोड म्हणजे मृत्यूच्या दारातले झाड नव्हे. नळी जशी भरीव कांबीच्या तुलनेत थोड्या साहित्यात बळकट राहते, तसे सभोवतालचे निरोगी लाकूड पुरेसे जाड असेपर्यंत पोकळ खोड उभे राहते. चिंताजनक लक्षणे वेगळी आहेत : नव्याने आलेला कल, कललेल्या बाजूच्या विरुद्ध जमिनीला पडलेल्या भेगा, बुंध्याशी उगवलेली कठीण अळंबी, दुबेळक्यात गेलेली चीर, आंब्याच्या खोडातून भिरुडाने बाहेर टाकलेला भुसा. शिवाय धोका केवळ झाडाच्या अवस्थेवर ठरत नाही. ते पडल्यास खाली कोण वा काय आहे, यावरही ठरतो. कित्येकदा झाडाखालचा वाहनतळ किंवा पत्र्याची शेड हलविणे हा वृक्षतोडीपेक्षा सोपा उपाय असतो. रोगनिदान व मृदापरीक्षणासाठी राहुरी येथील महात्मा फुले कृषी विद्यापीठासारखी संस्था जिल्ह्यातच उपलब्ध आहे.

मात्र प्रत्येक झाड वाचविलेच पाहिजे, असाही आग्रह धरता येत नाही. शयनगृहावर झुकलेला, बुंध्याशी कुजलेला गुलमोहर काढणेच हितावह असते. प्रश्न आहे तो निर्णय पाहणीनंतर घेतला जातो की भीतीपोटी, हा.

कायदेशीर चौकट

'महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५' नुसार खासगी भूखंडावरील झाड तोडण्यासही वृक्ष प्राधिकरणाची पूर्वपरवानगी लागते. शहरात २००३ पासून महानगरपालिका असल्याने हा अधिकार तिच्या कक्षेत येतो. विशेष म्हणजे 'झाड तोडणे' या संज्ञेत जाळणे व अन्य प्रकारे इजा करणेही अंतर्भूत आहे. त्यामुळे बेबंद छाटणी ही केवळ घरगुती बाब राहत नाही. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या झाडास 'वारसा वृक्ष' ही संज्ञा दिली आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी रोपे लावण्याची तरतूद केली. याचा अर्थ असा, की उपनगरांतील परसबागांत लावलेली पहिली पिढी नेमकी आता वारसा ठरत आहे, आणि नेमकी आताच ती पुनर्बांधणीच्या आड येत आहे. पन्नास रोपे मिळून एका प्रौढ कडुनिंबाची सावली द्यायला पुन्हा काही दशके जावी लागतात, हे वास्तव कायद्यालाही बदलता येत नाही.

समारोप

वृद्ध वृक्षांचे संगोपन हे प्रामुख्याने संयमाचे शास्त्र आहे : मुळांना मोकळी जमीन, उन्हाळ्यात खोल पाणी, मोजका व अचूक काप आणि वर्षातून एकदा, पावसाळ्यापूर्वी पुरेसा अवधी राखून केलेली पाहणी. मुळे कुंपण मानत नसल्याने ही जबाबदारी एका घराची न राहता वसाहतीची ठरते. या कामी महाविद्यालयांना मोठा वाव आहे. वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी प्रजाती, घेर व अवस्था यांची, भूगोलाच्या विद्यार्थ्यांनी स्थाननिश्चितीची आणि समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी ती झाडे लावणाऱ्या ज्येष्ठांच्या आठवणींची नोंद केल्यास प्रत्येक उपनगराची वृक्षवही सिद्ध होईल. झाड केव्हा व कोणी लावले, हे सांगू शकणारी माणसे अजून हयात आहेत. ती आहेत तोवरच पन्नास वर्षांच्या वयाचा हा पुरावा नोंदविता येईल.