ओंडक्यावरची छत्री

पावसाळ्यात पनवेलहून कर्नाळ्याच्या अभयारण्यात गेलं, की पडलेल्या झाडांवर छत्र्या, पंखे, कान असं काय काय उगवलेलं दिसतं. बरोबरची मंडळी मला एकच प्रश्न विचारतात, ‘ही खायची का हो?’ मी म्हणतो, आधी ती कशावर उगवली आहे ते बघा.

कोकणात भाजीसाठी आवडीनं घेतली जाते ती रानातली अळंबी वारुळाची. वाळवी जमिनीखाली बुरशीची बाग राखते. तिथून मुळासारखा लांब देठ वर येतो आणि टोकदार माथ्याची छत्री उघडते. ओंडक्यावरची ती ही नाही.

मग ओंडक्यावर असतं काय? वाकून खालची बाजू बघा, निम्मं काम तिथंच होतं. नखाएवढा, पांढुरका, केसाळ पंखा आणि खाली उभे चिरलेले कल्ले असतील, तर तो स्किझोफायलम. उघडीप पडली की आक्रसतो, सर आली की पुन्हा उमलतो. मणिपुरात त्याला कांग्लायेन म्हणतात आणि चवीनं खातात! कल्ल्यांऐवजी बारीक छिद्रं आणि रंग शेंदरी, तर बहुधा पिक्नोपोरस. गॅनोडर्मा लाकडासारखा टणक. त्याच्या पाठीवर कोको सांडल्यासारखी पूड दिसते, ते त्याचेच बीजाणू.

कल्ल्यांची छत्री असेल तर ठसा घ्यावा. अभयारण्यातलं काही तोडायचं नाही. अंगणातल्या ओंडक्यावरची घ्या. देठ कापून टोपी कागदावर पालथी ठेवा, वर वाटी झाका. सकाळी बीजाणूंचा रंग कागदावर उतरतो. त्यावरून गट कळायला मदत होते, खाण्याजोगी आहे की नाही ते मात्र कळत नाही.

चांदीचं नाणं काळं पडलं नाही, लसूण काळा झाला नाही, गोगलगायीनं खाल्ली, म्हणजे बिनविषारी, या समजुतींना काही आधार नाही. लाकडावरची म्हणून निर्धोक, हेही खरं नाही. थंड देशांत कुजक्या लाकडावर गॅलेरिना नावाची लहानशी तपकिरी छत्री येते. तिचं विष शिजवून जात नाही. ओकाऱ्या-जुलाब सुरू व्हायला सहा ते बारा तास, कधी त्याहून जास्त लागतात. मग थोडं बरं वाटतं, आणि नेमकं तेव्हाच यकृत बिघडत असतं. म्हणून शंका आली तर उलटीची वाट न पाहता दवाखाना गाठा, आणि उरलेली छत्री कागदात गुंडाळून बरोबर न्या.