फेरीच्या हिशेबात न लिहिलेली झोप

आपल्या घरातील कोणी स्वतःचा एकुलता एक मालट्रक स्वतःच चालवीत असतील, तर त्यांच्या फेरीचा हिशेब एकदा शेजारी बसून पाहावा. भाड्यातून दलाली आधीच वजा झालेली असते. मग डिझेल, टोल, टायर, विमा आणि कर्जाचा हप्ता. हप्ता ठरल्या तारखेला जातो. भाड्याची बाकी मात्र मालाची पोहोच जमा केल्यावरही कित्येक दिवस अडून राहते. परतीचे भाडे न मिळाल्यास गाडी रिकामी आणावी लागते. मोठ्या ताफ्यात एका गाडीची तूट दुसरी भरून काढते. एका गाडीच्या मालकाला ती सोय नाही.

म्हणून तो तूट स्वतःच्या शरीरातून भरतो. आधी क्लीनर कमी होतो, मग जोडीचा चालक, अखेरीस रात्रीची झोप. १९६१च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने २०२५पर्यंत दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली होती. पण तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या व्यवसायांनाच लागू होता. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मोठ्या मालट्रकांना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली, तीही नव्या गाड्यांपुरती. मे महिन्यात जुन्या केबिनमध्ये दुपारी झोप लागणार तरी कशी?

अपुऱ्या झोपेने रक्तदाब व मधुमेहाचा धोका वाढतो, हे आपण जाणताच. मागचे काही किलोमीटर कसे गेले ते न आठवणे, ही त्याहून तातडीची खूण होय. अशा वेळी सुरक्षित जागी गाडी लावून १५-२० मिनिटे झोपावे. चहा-तंबाखूने आलेली तरतरी थोडाच वेळ टिकते. घोरताना श्वास मध्येच थांबतो का, हे घरच्यांनाच कळते. तसे असेल तर डॉक्टरांना अवश्य दाखवावे. त्यावर उपचार आहेत. सर्दीच्या काही गोळ्यांनी गुंगी येते, तेव्हा औषध घेताना आपला व्यवसाय सांगावा.

गाडी विकून पगारी चालक होणारे पुष्कळ आहेत. घरात त्याची चर्चा पराभव म्हणून होऊ नये, आणि ती हप्ते थकण्याआधी व्हावी, कारण तोवर विक्रीचा निर्णय आपल्या हाती असतो. तूर्त पुढच्या फेरीच्या वहीत डिझेल-टोलच्या बाजूला एक रकाना आखावा : किती तास झोप झाली.