विश्वासार्हतेचा नकार आणि अपील: गैरसमज व वस्तुस्थिती

अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या कंत्राटदाराकडे सैनिकांच्या आरोग्यविम्यासारख्या संवेदनशील नोंदी संगणकावर हाताळणाऱ्या कर्मचाऱ्याला गोपनीय कागदपत्रे पाहावी लागत नसली, तरी त्याची विश्वासार्हता शासनाने तपासलेली असावी लागते, आणि ही तपासणी अनेकदा थकीत कर्जांपाशी अडते. कर्जबाजारी किंवा दिवाळखोर ठरलेल्या माणसाला नकारच मिळतो, हा याबाबतचा पहिला गैरसमज होय. ८ जून २०१७ पासून लागू असलेल्या निकषांत कर्ज कसे झाले आणि पुढे त्या व्यक्तीने काय केले, या दोन्हींचा विचार होतो. नोकरी जाणे, आजारपण किंवा घटस्फोट ही कारणे ग्राह्य धरली जातात, मात्र त्या परिस्थितीतही ती व्यक्ती जबाबदारीने वागली हे दाखवावे लागते, आणि अनेकांचा युक्तिवाद नेमका येथेच अपुरा पडतो. सात वर्षांनी पतअहवालातून, म्हणजे कर्जफेडीच्या इतिहासाच्या नोंदीतून, एखादे कर्ज वगळले गेले म्हणून प्रश्न मिटला, असे मानणेही चुकीचे आहे, कारण नोंद पुसली गेली तरी कर्ज फेडल्याचा पुरावा निर्माण होत नाही.

सर्वांत घातक गैरसमज असा की, अपील म्हणजे दुसरी सुनावणी. आक्षेपांची कारणे कळवणारी नोटीस मिळाल्यावर २० दिवसांत मुद्देसूद लेखी उत्तर द्यावे लागते व सुनावणी हवी असल्यास तीही मागावी लागते. त्यानंतर प्रशासकीय न्यायाधीश निर्णय देतो. त्याविरुद्ध १५ दिवसांत अपिलाची सूचना आणि निर्णयापासून ४५ दिवसांत सविस्तर निवेदन दाखल करता येते, परंतु तीन सदस्यांचे अपील मंडळ नवा पुरावा स्वीकारत नाही. निष्कर्षांना अभिलेखातील पुराव्याचा आधार आहे का, कार्यपद्धती पाळली गेली का आणि निर्णय मनमानी किंवा कायद्याविरुद्ध आहे का, एवढेच ते तपासते. म्हणून निर्णयानंतर भरलेल्या हप्त्याची पावती, ती कितीही प्रामाणिक असली तरी, अपिलात निरुपयोगी ठरते. हप्त्यांच्या पावत्या, सावकारांशी झालेला पत्रव्यवहार आणि घरखर्चाचा आराखडा हे सारे न्यायाधीशासमोरच मांडले पाहिजे.

संशयाचा फायदा आरोपीला मिळतो, हा फौजदारी न्यायालयातील नियमही येथे लागू होत नाही. गोपनीय कागदपत्रे पाहण्याच्या सुरक्षा परवान्यावर कोणाचाही हक्क नसतो, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८८ च्या ईगन खटल्यात स्पष्ट केले असून, विश्वासार्हतेच्या प्रकरणांतही शंका उरल्यास ती राष्ट्रीय सुरक्षेच्या बाजूने सोडवली जाते. तरीही अपील फेटाळले गेले म्हणजे दार कायमचे बंद झाले असे नाही: मूळ प्रतिकूल निर्णयाच्या तारखेपासून एक वर्षानंतर नव्याने प्रस्ताव येऊ शकतो, आणि मधल्या काळात फेडलेल्या कर्जाच्या पावत्या त्या वेळी पुरावा म्हणून मांडता येतात.