घरी बनवलेला मिडी कंट्रोलर : जडणघडण आणि दोषशोध

मिडी कंट्रोलर स्वतः आवाज काढत नाही. कळ दाबली किंवा नॉब फिरवला की तो काही आकडे पाठवतो. त्या आकड्यांचा सूर करणे हे पलीकडच्या सिंथेसायझरचे किंवा संगणकाचे काम. सिक्वेन्शियल सर्किट्सचे डेव्ह स्मिथ आणि रोलँडचे इकुतारो काकेहाशी यांच्या पुढाकाराने मिडी ही आकड्यांची भाषा ठरली. जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतल्या नॅम प्रदर्शनात प्रॉफेट-६०० आणि ज्युपिटर-६ ही दोन वेगळ्या कंपन्यांची वाद्ये एका केबलने जोडून दाखवण्यात आली. या भाषेच्या वापरासाठी शुल्क आकारायचे नाही, असे ठरल्यामुळेच आज कोणालाही घरच्या टेबलावर कंट्रोलर जुळवता येतो. संगीताच्या तंत्रज्ञानात याइतका उदार निर्णय क्वचितच झाला असेल. स्मिथ आणि काकेहाशी यांना मिडीच्या कामासाठी २०१३ मध्ये टेक्निकल ग्रॅमी मिळाले.

भाषा अगदी मोजकी आहे. पहिल्या चॅनेलवर मधला सा समजला जाणारा ‘सी’ वाजवायचा तर १४४, ६०, १०० असे तीन आकडे जातात : स्वर सुरू, कोणता स्वर, किती जोराने. नॉबसाठी १७६, नॉबचा क्रमांक आणि त्याची किंमत. किंमत ० ते १२७ एवढीच असू शकते. जुन्या पाच पिनांच्या केबलवरून सेकंदाला ३१,२५० बिट जातात, म्हणजे तीन आकड्यांचा संदेश सुमारे एक मिलिसेकंदात पोहोचतो. अडचण भाषेत फारशी येत नाही. ती येते बोट, तार आणि सोल्डर यांच्यापाशी.

सुटे भाग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या बुधवार पेठेत सहज मिळतात. बोर्ड निवडताना मात्र एक गोष्ट पाहावी लागते. जुन्या आर्डुइनो उनोची मुख्य चिप यूएसबीशी थेट बोलत नाही, त्यामुळे संगणक त्याला सीरियल पोर्ट समजतो. लिओनार्डो, प्रो मायक्रो, टीन्सी किंवा रास्पबेरी पाय पिको यांना योग्य प्रोग्रॅम दिला की ते मिडी उपकरण म्हणूनच ओळखले जातात. नॉबसाठी १० किलोओहमचा लिनियर पोटेंशिओमीटर (पॉट) घ्यावा. आवाज कमीजास्त करायचा लॉग पॉट चुकून बसला, तर बराच वेळ फिरवूनही आकडा जेमतेम हलतो आणि शेवटी एकदम उड्या मारतो.

पॉटचे बाहेरचे दोन पाय बोर्डाच्या पुरवठ्याला आणि ग्राउंडला, मधला ॲनालॉग पिनेला. पुरवठा बोर्डाचाच हवा, कारण मोजमापही त्याच्याच तुलनेत होते; यूएसबीचा व्होल्टेज थोडा घसरला तरी गुणोत्तर तेच राहते. पिकोसारख्या ३.३ व्होल्टच्या बोर्डाला ५ व्होल्ट दिले, तर पिन जळू शकते.

नॉब बिघडला तर डबा उघडण्याआधी मिडी मॉनिटरवर, म्हणजे आलेले संदेश दाखवणाऱ्या प्रोग्रॅमवर, आकडे पाहावेत. ग्राउंडचा पाय सुटला असेल तर नॉब कुठेही फिरवा, आकडा १२७ च्या आसपासच अडकतो. पुरवठ्याचा पाय सुटला तर शून्यावर. मधला पाय सुटला तर पिन तरंगत राहते, आणि हात जवळ नेला तरी आकडे भरकटतात. सगळेच नॉब एकाच वेळी बिघडले तर प्रत्येक पॉट तपासत बसू नये. सामाईक ग्राउंडचा सांधा कच्चा असण्याची शक्यता जास्त. एक नॉब फिरवल्यावर शेजारचा किंचित हलत असेल, तर अनेक नॉब आळीपाळीने एकाच पिनेला जोडणाऱ्या मल्टिप्लेक्सरने वाट बदलल्यावर व्होल्टेज स्थिरावायला वेळ मिळत नाही. पहिले वाचन टाकून दुसरे घेतले की बहुतेक वेळा हा दोष जातो.

सर्वांत चिवट दोष म्हणजे स्थिर नॉबचे थरथरणे. बोर्ड ० ते १०२३ मोजतो आणि त्याला ८ ने भागून मिडीचा आकडा काढतात. नॉब नेमका मध्यावर असला, तर वाचन ५११ आणि ५१२ यांत हेलकावते; भागाकार एकदा ६३ येतो, एकदा ६४. कोणी हात लावला नसतानाही संदेशांची रीघ लागते. सरासरी काढून हे पुरते थांबत नाही, कारण सरासरीही सीमेवर येऊन बसू शकते. शेवटी पाठवलेल्या वाचनापासून सात-आठ पायऱ्यांहून जास्त फरक पडला तरच नवा आकडा पाठवणे, हा खरा इलाज.

बटणाचा पत्रा मिटताना काही मिलिसेकंद उसळतो आणि एकच दाब तीन-चार स्वर म्हणून मोजला जातो. पहिला बदल लगेच स्वीकारून पुढचे काही मिलिसेकंद दुर्लक्षित करावेत. आधी थांबून मग स्वर पाठवण्याची रीतही आहे, पण ती वाजवणाऱ्याच्या हाताला जाणवेल असा उशीर वाढवते. वाद्यासाठी पहिलीच बरी. कळा ओळी-स्तंभांच्या जाळीत जोडल्या असतील, तर आयताचे तीन कोपरे दाबताच चौथी न दाबलेली कळही वाजते. त्यासाठी प्रत्येक कळेला १एन४१४८ डायोड लागतो.

स्वर लोंबकळत राहण्याचे एक कारण प्रोग्रॅममध्ये असते. कळ दाबलेली असताना सप्तक बदलले, तर ‘थांब’ हा संदेश वेगळ्याच स्वराला जातो. कळ दाबतानाच पाठवलेला स्वरक्रमांक लक्षात ठेवून तोच बंद करावा.

पाच पिनांच्या सॉकेटमध्ये संदेश ४ आणि ५ या पिनांवर जातो. सॉकेट पुढून आणि मागून पाहताना क्रम उलटा दिसतो, म्हणून तारांची अदलाबदल फार होते. तेव्हा काहीच पोहोचत नाही. घेणाऱ्या बाजूला ऑप्टोआयसोलेटर असतो, त्यामुळे दोन यंत्रांचे ग्राउंड जोडले जात नाहीत आणि गुणगुण टळते. तिथे पिन २ ग्राउंडला जोडणे म्हणजे ही सोय स्वतःहून मोडणे.

मींड हवी असेल तर स्वरक्रमांक पुरत नाहीत. स्वर सलग वरखाली सरकवणारा पिच बेंड लागतो. त्याच्या १६,३८४ पायऱ्या असून मध्य ८१९२ वर आहे. लांबट स्पर्शपट्टीने तो चालवता येतो, मात्र बोट उचलल्यावर पिन तरंगू नये म्हणून ग्राउंडकडे एक रेझिस्टर हवा. बहुतेक वाद्यांत बेंडचा पल्ला दोन्ही बाजूंना दोन अर्धस्वर असतो. कंट्रोलर बारा धरून चालला, तर पंचमापर्यंत जायची मींड ऋषभाच्याही पुढे जात नाही. दोन्ही ठिकाणचा पल्ला सारखा करताच ती जागेवर पोहोचते.