थॅडियस स्टीव्हन्स
थॅडियस स्टीव्हन्स (४ एप्रिल, १७९२:डॅनव्हिल, व्हरमाँट – ११ ऑगस्ट, १८६८:वॉशिंग्टन, डी.सी.) हे अमेरिकेतील वकील, राजकारणी व गुलामगिरीचे कडवे विरोधक होते.

जीवन
जन्मतः अधू पाय आणि घरची गरिबी असूनही त्यांनी १८१४ मध्ये डार्टमथ महाविद्यालयाची पदवी मिळवली. १८१६ पासून ते गेटिसबर्ग येथे वकिली करू लागले. १८२१ मध्ये चॅरिटी बटलर या स्त्रीने मुक्ततेसाठी केलेल्या दाव्यात त्यांनी गुलाममालकाची बाजू मांडून खटला जिंकला. पुढे मात्र पळून आलेल्या गुलामांचे वकीलपत्र त्यांनी घेतले.

शिक्षणविषयक कार्य
पेनसिल्व्हेनियात १८३४ चा मोफत शाळांचा कायदा होण्यापूर्वी पालकांना आपण निर्धन असल्याची नोंद केल्यावरच मुलांचे शिक्षण फुकट मिळे. कराच्या बोजामुळे हा नवा कायदा रद्द करण्याची मागणी झाली. १८३५ मध्ये विधिमंडळातील स्टीव्हन्स यांच्या प्रभावी भाषणाने तो वाचला.

संसदीय कारकीर्द
१८४९ ते १८५३ आणि १८५९ पासून मृत्यूपर्यंत ते अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाचे सदस्य होते. यादवी युद्धकाळात अर्थविषयक समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे होते. नागरिकांना कायद्याचे समान संरक्षण देणाऱ्या चौदाव्या घटनादुरुस्तीच्या शिल्पकारांत त्यांची गणना होते. राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांच्यावरील महाभियोगात त्यांनी पुढाकार घेतला. सेनेटमध्ये तो एका मताने फसला.

मृत्यू
कृष्णवर्णीयांना मज्जाव करणाऱ्या दफनभूमी नाकारून त्यांनी लँकेस्टर येथील सर्वांना खुली असलेली दफनभूमी निवडली. या निवडीचे कारण त्यांच्या समाधिलेखात नोंदले आहे.