घरच्या संगणकातील अनावश्यक सेवा : काय बंद करावे आणि काय करू नये

स्मरणिकेसाठी लेख पाठवावा असा निरोप शाळेकडून आला, तेव्हा वसतिगृहातील आठवणी लिहिणारे पुष्कळ असतील, आपण घरोघरी उपयोगी पडेल असे काही लिहावे, असे मनाशी ठरवले. आज आपल्या बहुतेक माजी विद्यार्थ्यांच्या घरी एखादा जुना संगणक किंवा लॅपटॉप आहे. मुलांचे प्रवेशअर्ज, शिष्यवृत्तीचे फॉर्म, निकाल, नोकरीच्या जाहिराती ही सारी कामे त्याच्यावर होतात. तो संथ झाला की घरात पहिला विचार येतो तो नवा घेण्याचा, आणि नव्याची किंमत ऐकली की विचार तिथेच थांबतो. अशा संगणकाला पुन्हा कामाला लावता येते काय, याचे उत्तर शोधताना माझ्या हातून घडलेली एक चूक आधी सांगतो.

अंतरवाली सराटीच्या आमच्या घरी एक जुना संगणक आहे. चार जीबी मेमरी आणि फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क. बटण दाबून चहा करून प्यावा, तेव्हा कुठे पडदा स्थिर होई. धाकट्या बहिणीचा शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा होता आणि मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. संगणक वेगवान करावा म्हणून ‘या तीस सेवा बंद करा’ अशी कुठूनशी मिळालेली यादी समोर ठेवली आणि एका रात्रीत साऱ्या बंद केल्या. सकाळी संगणक लवकर सुरू झाला खरा. पण इंटरनेट नाही आणि आवाजही नाही. बिनतारी जोडणी सांभाळणारी सेवाच मी बंद करून टाकली होती. शेवटी कागदपत्रांची पिशवी घेऊन मोटारसायकलवर वडीगोद्री गाठले, केंद्रावर रांग धरली आणि सायंकाळी कसाबसा अर्ज गेला. बहीण काही बोलली नाही. तिचे न बोलणेच मला पुरेसे होते.

त्यानंतर मी एकेक सेवा समजून घेत गेलो. त्या अनुभवाचा सार पुढे मांडत आहे. उदाहरणे विंडोज १० व विंडोज ११ यांची आहेत, कारण घरोघरी तीच दिसतात.

सेवा म्हणजे काय?

आपण ब्राउझर किंवा वर्ड उघडतो तेव्हा त्याची खिडकी पडद्यावर दिसते. सेवा, म्हणजे सर्व्हिस, हाही एक प्रोग्रामच असतो. पण त्याला खिडकी नसते. संगणक सुरू होताच, पुष्कळदा आपण पासवर्ड टाकण्याच्याही आधी, तो पडद्याआड कामाला लागतो. कोणी छपाईची रांग सांभाळते, कोणी घड्याळ जुळवते, कोणी नेटवर्कचा पत्ता मिळवते, कोणी विषाणूंवर पाळत ठेवते. विंडोजच्या यादीत अशा दोनशेहून अधिक सेवा आढळतात. त्या सगळ्याच एका वेळी चालत नाहीत. पण ज्या चालतात त्या मेमरीचा, प्रोसेसरचा व डिस्कचा थोडाथोडा वाटा घेतात. मेमरी आठ-सोळा जीबी असली तर तो वाटा जाणवत नाही. चार जीबी असली की मेमरी भरते, संगणक उरलेला भार डिस्कवर ठेवू लागतो आणि फिरत्या तबकडीची डिस्क धापा टाकू लागते.

आपल्या अंबड भागातील मोसंबीचे बागाईतदार हे चटकन ओळखतील. झाडावर जोमाने सरळ वर जाणारे पानसोट फळ देत नाहीत, अन्नरस मात्र खातात. म्हणून ते काढावे लागतात. पण पानसोट कोणता आणि फळाची फांदी कोणती, हे न ओळखता कात्री चालवली तर बाग जाते. माझ्या त्या रात्रीची कात्री तशीच होती.

आधी मोजावे, मग कापावे

कंट्रोल, शिफ्ट व एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. संगणक सुरू करून पाच-दहा मिनिटे काहीही न उघडता तसाच राहू द्यावा आणि मेमरी व डिस्क या रकान्यांतील टक्केवारी वहीत लिहून ठेवावी. कोणते नाव सर्वाधिक वाटा घेते, तेही टिपावे. ही नोंद नसेल तर पुढे फरक पडला की नाही, हे केवळ मनाच्या समाधानावर राहते.

त्याच टास्क मॅनेजरमध्ये ‘स्टार्टअप’ हा भाग आहे. संगणकाबरोबर आपोआप उघडणारे प्रोग्राम तेथे दिसतात आणि त्यांचा भार किती, हेही तेथेच लिहिलेले असते. माझ्या अनुभवाने खरा लाभ बहुधा येथेच होतो. गाण्यांचे प्रोग्राम, खेळांचे प्रोग्राम, व्हिडिओ बैठकीचे प्रोग्राम यांना संगणक सुरू होताच उठण्याचे कारण नाही. येथे ‘डिसेबल’ केल्याने प्रोग्राम जात नाही. आपण उघडू तेव्हा तो उघडतो. म्हणून सुरुवात येथून करावी.

यानंतर सेवांकडे वळावे. स्टार्ट मेनूत इंग्रजीतून ‘सिस्टिम कॉन्फिगरेशन’ शोधून उघडावे आणि त्यातील ‘सर्व्हिसेस’ या भागात खाली ‘हाइड ऑल मायक्रोसॉफ्ट सर्व्हिसेस’ असा चौकोन असतो, त्यावर खूण करावी. तसे केले की विंडोजच्या स्वतःच्या सेवा दृष्टीआड होतात आणि बाहेरून आलेल्या तेवढ्या उरतात. केव्हाच भंगारात गेलेल्या प्रिंटरची सेवा, जुन्या मोबाईलच्या जोडणीची सेवा, मुदत संपलेल्या अँटिव्हायरसचे अवशेष अशी मंडळी येथे भेटतात. ज्या प्रोग्रामची गरजच उरली नाही, त्याची सेवा बंद करण्यापेक्षा तो प्रोग्राम रीतसर काढून टाकणे अधिक चांगले. एकाच संगणकात दोन अँटिव्हायरस असतील तर एक निश्चितपणे काढावा. मात्र ब्राउझर अद्ययावत ठेवणाऱ्या सेवेला हात लावू नये.

विंडोजच्या सेवा

स्टार्ट मेनूत ‘सर्व्हिसेस’ शोधल्यास पूर्ण यादी उघडते. प्रत्येक सेवेपुढे तिची सुरू होण्याची रीत लिहिलेली असते. ‘ऑटोमॅटिक’ म्हणजे संगणकाबरोबर सुरू होणारी. ‘ऑटोमॅटिक डिलेड स्टार्ट’ म्हणजे थोड्या विलंबाने. ‘मॅन्युअल’ म्हणजे गरज पडेल तेव्हा. आणि ‘डिसेबल्ड’ म्हणजे गरज पडली तरी सुरू न होणारी. नवख्याने शक्यतो ‘मॅन्युअल’ निवडावे. सेवा निजलेली राहते, पण हाक मारली तर उठते.

सामान्य घरात पुढील सेवांचा विचार करता येतो. ‘फॅक्स’ ही सेवा आज कोणाच्याच घरी लागत नाही. ‘डाउनलोडेड मॅप्स मॅनेजर’ उतरवून घेतलेले नकाशे सांभाळते. नकाशे मोबाईलवर पाहणाऱ्याला तिची गरज नाही. ब्लूटूथचे कोणतेही साधन नसेल तर ‘ब्लूटूथ सपोर्ट सर्व्हिस’ निजवता येते. ‘कनेक्टेड यूजर एक्सपीरियन्सेस अँड टेलिमेट्री’ वापराविषयीची माहिती मायक्रोसॉफ्टकडे पाठवते. ती बंद केल्याने घरगुती कामात अडथळा येत नाही. ‘रिमोट रजिस्ट्री’ दुसऱ्या संगणकावरून आपल्या संगणकाच्या मूळ नोंदी बदलू देते. ती घरच्या संगणकावर बंदच असते, पण तशी आहे ना, हे पाहून घ्यावे.

दोन सेवांबाबत तारतम्य हवे. ‘विंडोज सर्च’ फाइलींची अनुक्रमणिका तयार करते. ती थांबवली तर डिस्कचा भार घटतो, पण फाइल शोधायला वेळ लागतो. ‘सिसमेन’, जिचे पूर्वीचे नाव ‘सुपरफेच’ होते, ती आपण नेहमी वापरतो ते प्रोग्राम आधीच मेमरीत आणून ठेवते. मेमरी कमी आणि डिस्क जुनी असेल तर कधीकधी ही मदतच भार होते. दोन दिवस बंद ठेवून पाहावे; वहीतील आकडा उतरला नाही तर पुन्हा सुरू करावी.

‘प्रिंट स्पूलर’ची गोष्ट अधिक बोधप्रद आहे. २०२१च्या जूनअखेरीस या सेवेत ‘प्रिंटनाइटमेअर’ नावाने गाजलेला गंभीर दोष उघड झाला आणि जुलैमध्ये मायक्रोसॉफ्टला नेहमीची वेळ सोडून तातडीची दुरुस्ती द्यावी लागली. जेथे छपाई होत नाही तेथे ही सेवा बंद ठेवावी, असा सल्ला तेव्हा दिला गेला. परंतु विंडोजमधील ‘मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ’ याच सेवेवर चालते. अर्जाची पावती त्या मार्गाने जतन करणाऱ्या घरात स्पूलर बंद करून चालणार नाही. तेव्हा एका घरासाठी योग्य असलेली यादी दुसऱ्या घरासाठी योग्य असेलच असे नाही.

ज्यांना हात लावू नये

वसतिगृहात रात्री दिवे मालवण्याची पाळी असे. ज्याची पाळी असे त्याला जिन्यातला आणि स्वच्छतागृहाकडचा दिवा चालू ठेवावा लागे. तो विझला तर रात्री कोणी ना कोणी पडणार. संगणकातही असे दिवे आहेत. ‘रिमोट प्रोसीजर कॉल’, ‘प्लग अँड प्ले’, ‘यूजर प्रोफाइल सर्व्हिस’, ‘क्रिप्टोग्राफिक सर्व्हिसेस’, ‘डीएचसीपी क्लायंट’, ‘डीएनएस क्लायंट’, ‘विंडोज ऑडिओ’, ‘डब्ल्यूलॅन ऑटोकॉन्फिग’ या सेवा, तसेच फायरवॉल, मायक्रोसॉफ्ट डिफेंडर आणि ‘विंडोज अपडेट’ यांना कदापि बंद करू नये. शेवटच्या तिघांविषयी विशेष आग्रहाने लिहितो, कारण संगणक वेगवान करण्याच्या नावाखाली सर्वांत आधी त्यांचाच बळी दिला जातो.

याची किंमत काय पडते, हे २०१७ने जगाला दाखवले. विंडोजमध्ये फाइली वाटून घेण्याची एक फार जुनी पद्धत होती. बहुतेक घरांना तिची गरज उरली नव्हती, तरी ती असंख्य संगणकांवर चालूच होती. तिच्यातील दोषावरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी दिली. ज्यांनी ती घेतली नाही, त्यांपैकी लाखो संगणक १२ मेपासून पसरलेल्या ‘वॉनाक्राय’ने सुमारे दीडशे देशांत कुलूपबंद केले. पुढे २७ जूनला ‘नॉटपेट्या’ आला. त्याच्या प्रसाराच्या मार्गांपैकी एक मार्ग हाच दोष होता. त्याचा फटका नवी मुंबईजवळील जवाहरलाल नेहरू बंदरापर्यंत पोहोचला. मर्स्क समूहाकडे असलेल्या टर्मिनलची संगणकयंत्रणा ठप्प झाली आणि कामकाज हाताने चालवण्याची वेळ आली. या घटनेत दोन्ही धडे एकत्र आहेत. नको असलेले दार उघडे राहिले होते, आणि हवी असलेली राखण वेळेवर झाली नव्हती. त्याच वर्षाच्या अखेरीपासून नव्याने बसवलेल्या विंडोज १० मध्ये ती जुनी पद्धत आरंभीच वगळली जाऊ लागली.

मोबाईलच्या हॉटस्पॉटवर संगणक चालवणाऱ्यांसाठी

आपल्यापैकी अनेकांच्या घरी वायफाय नाही. मोबाईलचा रोजचा दीड-दोन जीबी डेटा हेच इंटरनेट. अशा वेळी अपडेटची सेवा बंद करण्याचा मोह होतो. त्याऐवजी नेटवर्कच्या सेटिंगमध्ये त्या हॉटस्पॉटपुढे ‘मीटर्ड कनेक्शन’ हा पर्याय सुरू करावा. मग बहुतेक अपडेट आपोआप उतरत नाहीत. तसेच ‘डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन’मध्ये इतर संगणकांना अपडेटचे तुकडे पुरवण्याची परवानगी बंद करावी. मात्र मायक्रोसॉफ्टच्या सुरक्षा दुरुस्त्या दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात. त्या आठवड्यात एकदा, डेटा शिल्लक असेल अशा वेळी, हाताने अपडेट जरूर करावे.

परतीची वाट

कोणताही बदल करण्यापूर्वी ‘क्रिएट अ रिस्टोअर पॉइंट’ शोधून सी ड्राइव्हचे संरक्षण सुरू आहे का ते पाहावे आणि एक रिस्टोअर पॉइंट तयार करावा. वहीत तीन रकाने आखावेत : सेवेचे नाव, तिची आधीची रीत आणि बदलाची तारीख. एका वेळी एकच सेवा बदलावी. बदलण्यापूर्वी तिच्यावर डबल क्लिक करून ‘डिपेंडन्सीज’ या भागात तिच्यावर आणखी कोण अवलंबून आहे, ते वाचावे. संगणक पुन्हा सुरू करून इंटरनेट, आवाज, छपाई तपासावी आणि दोन दिवस वापरूनच पुढे जावे. ज्या आठवड्यात एखाद्या अर्जाची मुदत संपत असेल, त्या आठवड्यात यातले काहीच करू नये.

या साऱ्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. सेवा बंद केल्याने जुना संगणक नवा होत नाही. आमच्या घरी मोठा फरक पडला तो स्टार्टअप आवरल्याने, आणि त्याहून मोठा पडला तो तबकडीच्या डिस्कऐवजी एसएसडी बसवल्यावर. विंडोज १०चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. पुढच्या सुरक्षा दुरुस्त्यांची सोय केल्याशिवाय त्यावर बँकेचे व्यवहार करू नयेत.

आमचा तो संगणक आजही चालतो. त्याच्याशेजारी वही असते. तिच्यातील पहिल्या पानावर माझ्या हातच्या नोंदी आहेत आणि पुढची पाने बहिणीने भरली आहेत. यंदाचे अर्ज तिने घरूनच भरले, मुदतीच्या आठ दिवस आधी. शाळेच्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या घरी अशी एक वही असावी, हीच मंगलकामना.